इंजिनाच्या पोटातला अभ्रक

जमीन तीच आहे, फक्त मी तिच्यापासून अठरा मजले वर आलो आहे. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत मी वाढलो, ती पाडून त्याच जागी हा टॉवर उभा राहिला आणि आमच्या एका खोलीच्या बदल्यात मला इथे दोन खोल्या मिळाल्या. खिडकीत उभं राहिलं की पूर्वी जिथे गिरणीचं धुराडं होतं, तिथे एक काचेची इमारत दिसते. धुराड्याकडे बघून आई सांगायची, वारा कुठला आहे आणि कपडे कुठल्या दोरीवर घालायचे. काचेच्या इमारतीकडे बघून काहीच कळत नाही.

माझी बायको मालती जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. ती असताना घरात किती आवाज होते हे ते गेल्यावर मोजता आलं. आता फ्रिजचा एक आणि लिफ्टचा एक. संक्रमण शिबिरातून आणलेले खोके मी सहा महिने उघडलेच नव्हते. एका दुपारी उघडले, तर तळाशी बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा निघाला. झाकण काढलं आणि वास आला. यंत्राच्या तेलाचा, सुताच्या जुन्या गुंत्याचा. बाबा गिरणीतून घरी आले की त्यांच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा, आणि केसांत कापसाचे तंतू. सुताच्या त्या गुंत्यात इंजिन होतं. वीतभर लांबीचं, काळं, एका बाजूचा रंग उडालेलं. त्याच्याखाली रुळांचे तुकडे.

बाबा गिरणीत वायरमन होते. गिरणीतल्या, विलायतेला शिकून आलेल्या कुणा मास्तरच्या, म्हणजे खात्याच्या साहेबाच्या, बंगल्यातून ही खेळण्यातली गाडी टाकून दिली गेली आणि बाबांनी ती गोणपाटात गुंडाळून घरी आणली. इंजिन होतं, रूळ होते, पण वीज देणारी पेटी जळलेली होती. बाबांनी पेटी उघडून वास घेतला, ती बाजूला ठेवली आणि म्हणाले की वीज तुम्हीच तयार करा. तुम्ही म्हणजे मी आणि शालूताई. मी तेरा वर्षांचा होतो, ती पंधराची. आमच्या घरात मालवणी आईबाबांची. आम्ही दोघं एकमेकांशी चाळीची मराठी बोलायचो, आणि पन्नास वर्षं कुडाळात काढूनही ती माझ्याशी अजून तशीच बोलते.

त्या वर्षीचे रविवार मला एकामागून एक आठवतात. गिरणी बंद, त्यामुळे भोंगा नाही, आणि भोंगा नसल्यामुळे सकाळ लांबलचक. गॅलरीत कुणाच्या तरी दारात बांगडे तळले जात असायचे. बाबा खाटेवर आडवे पडून डोळे मिटलेले, पण जागे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही एका निकामी रेडिओचा ट्रान्सफॉर्मर सोडायचो. त्यातल्या लोखंडी पट्ट्या एकेक करून काढायच्या, रॉकेलच्या फडक्यानं पुसायच्या, उन्हात ठेवायच्या. मग तांब्याची तार गुंडाळायची. वेढे ताई घालायची, मी मोजायचो. तारेला तारेवर चढू न देता, एकाला लागून एक, रांगेत. एका वेढ्याला एक श्वास घेतल्यासारखी ती घालायची. मी मध्येच कंटाळायचो आणि आकडा विसरायचो. खाटेवरून, डोळे न उघडता बाबा म्हणायचे, "चुकलंस? आता परत पयल्यापासून." आणि ताई न बोलता सगळी तार उलगडायची.

वेढ्यांच्या प्रत्येक थरावर लाखेचं पाणी लावायचं असे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तो वास इतका गोड असायचा की मी ती बोटाला लावून हुंगत बसायचो. पुढे नोकरीत आयुष्यभर मी मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरांच्या आसपास वावरलो, खोलीएवढ्या, घराएवढ्या. त्यांना तेलाचा वास यायचा. लाखेचा तो वास पुन्हा कुठे आला नाही.

वीज तयार झाली, पण गाडीला वेग एकच होता. बटण दाबलं की इंजिन उडी मारून पळायचं आणि वळणावर आडवं व्हायचं. ते हळू कसं करायचं हे मला सुचेना. बाबांनीही सांगितलं नाही. एका दुपारी ताईनं तिची शाळेची जुनी पाटी घेतली, लाकडी चौकट काढली, पाटीच्या दोन्ही कडांना कानशीनं बारीक खाचा पाडल्या आणि विजेच्या शेगडीच्या कॉइलची तार सरळ करून त्या खाचांमधून पाटीभर गुंडाळली. वर पितळेची एक पट्टी, इकडून तिकडे सरकणारी. वीज त्या तारेतून जेवढी लांब जाईल तेवढं इंजिन हळू. पट्टी सरकवत आणली की इंजिन आधी गुरगुरायचं, मग थरथरायचं, मग चाकं फिरायची, अगदी एखादी बाई भरली घागर घेऊन निघावी तशी. पाटी तापायची. तापलेल्या दगडाचा आणि वर्षानुवर्षं पुसलेल्या खडूचा मिळून एक वास खोलीभर व्हायचा. आई स्वयंपाकाच्या ओट्यापासून म्हणायची की पाटी जळली तर सरस्वती रागावेल. पाटी कधी जळली नाही.

नंतर एकदा इंजिनच बंद पडलं. आतल्या मोटरला वीज पोचवणारा कोळशाचा तुकडा असतो, ब्रश म्हणतात त्याला, त्याच्याखालचं जुनं आवरण झिजून वीज सांगाड्यात उतरत होती. ते कसं दुरुस्त झालं, याची माझी आठवण धूसर आहे. एवढंच आठवतं की मी खाली क्रिकेट खेळत होतो, आणि वर आलो तेव्हा गाडी चालत होती.

धूसर नसलेली एक आठवण मात्र आहे. ती मी कुणाला सांगितली नव्हती, मालतीलाही नाही.

बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, दादरला राहणारे, तंत्रशाळेत शिकवणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. बाबांनी त्यांना एका रविवारी गाडी बघायला बोलावलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पाटी बघितली, पट्टी स्वतः सरकवून पाहिली, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "हे कोणी केलं?" बाबा माझ्याकडे बघत होते. ताई आत होती, पडद्यामागे, चहा करत. मी म्हणालो, "मी."

पुढचं सगळं सरळ घडत गेलं. सरांनी शब्द टाकला. एकाच मुलाला शिकवण्याची बाबांची ऐपत होती, आणि ते मूल मी ठरलो. तंत्रशाळा, मग डिप्लोमा, मग वीजपुरवठ्याची नोकरी. ताई मॅट्रिकनंतर घरीच राहिली. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती कुडाळला गेली. बाबांना खरं ठाऊक होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ताई त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही, आणि तिनं काही ऐकलंच नसावं असं मी धरून चाललो. पडदा जाड होता. स्टोव्हचा आवाज मोठा असायचा.

तर तो डबा. तो उघडल्यावर मला करायला काहीतरी मिळालं. आतल्या खोलीत दारामागे प्लायवूडची मोठी फळी टेकवलेली होती. ती मी दोन स्टुलांवर आडवी टाकली आणि रूळ जोडायला घेतले. गाडी चालवायची आता वेगळीच पद्धत निघाली आहे, असं वाचनात आलं होतं. पूर्वी रुळांत जेवढी वीज सोडाल तेवढं इंजिन पळायचं. आता रुळांत कायम पूर्ण वीज असते. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चकती बसवतात, तिला डिकोडर म्हणतात. हातातल्या यंत्रावर नंबर लावून हुकूम सोडायचा, तो रुळांमधून सगळीकडे जातो, आणि ज्याचा नंबर आहे त्याच इंजिनाची चकती तो ऐकते. मी ते सगळं मागवलं. हुकूम देणारी पेटी, तिचा वीजपुरवठा, हातातलं यंत्र, एक डिकोडर. जुनी मोटर वीज जास्त ओढते म्हणून जरा मोठा घेतला. वायरी आणि कथील आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे अजून दुकानांच्या पायरीवर कथिलाबरोबर जळणाऱ्या राळेचा धूर असतो. एका दुकानासमोर मी काही न घेता बराच वेळ उभा राहिलो.

माहितीपत्रकात एक सूचना ठळक छापलेली होती. मोटरचा कुठलाही भाग इंजिनाच्या सांगाड्याला टेकता कामा नये, नाहीतर वीज देताच डिकोडर जळेल. जुन्या इंजिनांत एक ब्रश मुद्दामच सांगाड्याला जोडलेला असतो. म्हणजे सगळं सोडून नव्यानं करावं लागणार. मी मीटर घेतला, एक टोक ब्रशला, दुसरं सांगाड्याला. टेकत असेल तर मीटर वाजतो. तो वाजला नाही. दुसऱ्या ब्रशला लावून बघितलं. तरी नाही. मीटरच बिघडला असेल म्हणून दोन्ही टोकं एकमेकांना लावली, तर वाजला.

मी स्क्रू काढले. दोन्ही ब्रशांखाली अभ्रकाचा एकेक पातळ तुकडा होता, ब्लेडनं बरोबर मापात कापलेला, कोपरे गोल केलेले. इस्त्रीच्या आत असतो तसला, वीज पलीकडे जाऊ न देणारा अभ्रक. आमच्या घरची इस्त्री त्या वर्षी बिघडली म्हणून बाबांनी टाकून दिली होती. एका बाजूला घातला असता तरी गाडी चालली असती. ताईनं दोन्ही बाजूंना घातला होता आणि दोन्ही ब्रशांना स्वतंत्र वायर दिली होती, कारण तसं करणं जास्त बरोबर होतं. पंधरा वर्षांच्या मुलीनं, खाली मी बॅट फिरवत असताना. मी भिंग लावून ते जोड बघितले. कथिलाचे थेंब गोल, चकचकीत. मी चाळीस वर्षं माणसांच्या हातचं काम तपासत आलो. असं काम फार थोडं बघितलं.

त्या संध्याकाळी मी काही पुढे केलं नाही. इंजिन उघडंच ठेवलं.

पुढच्या महिन्यात ताईचा फोन आला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता आणि तिला परळच्या एका हॉस्पिटलात दाखवायचं होतं. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुली लांब. मी म्हटलं की ये, कितीही दिवस राहा. ती एसटीनं आली, दोन पिशव्या घेऊन, एकीत कोकमं आणि घावणाचं पीठ. लिफ्टमध्ये तिनं डोळे मिटून घेतले. घरात आल्यावर खिडकीतून खाली बघितलं आणि विचारलं की आपली गॅलरी कुठे असेल. आम्ही दोघांनी बोटांनी शोधली. ती पार्किंगच्या उताराच्या जागी निघाली.

आतल्या खोलीतली फळी तिनं दुसऱ्या दिवशी बघितली. इंजिन उचलून उजव्या डोळ्याजवळ नेलं. मग स्टूल ओढून बसली आणि विचारलं की कुठल्या रंगाची वायर कुठे जाते. मी समजावलं. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे. तिला एकदाच सांगावं लागलं. बोलता बोलता कळलं की गावात कुणाचा विहिरीवरचा पंप बंद पडला की आजही तिला बोलावणं येतं. तिनं ते चटणी कशी करते हे सांगावं तसं सांगितलं. मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला तब्येत विचारली होती, आंब्याचं विचारलं होतं, मुलींचं विचारलं होतं.

तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. एका दुपारी आम्ही डिकोडर बसवायला घेतला. कथील मी लावतो म्हणालो, तर तिनं हात पुढे केला आणि मी सोल्डरिंगची कांडी तिच्या हातात दिली. राळेचा धूर वर चढला. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, पण टोक जिथे टेकवायचं तिथेच टेकत होतं. मी वायर धरून बसलो होतो, पूर्वी आकडे मोजायचो तसा. आणि मला वाटलं की आत्ता नाही बोललो तर आता कधीच नाही.

मी तिला सांगितलं. सर आले होते तो रविवार, त्यांनी विचारलेला प्रश्न, माझं उत्तर. सांगताना मी वायरीकडे बघत होतो. तू आत होतीस, म्हटलं, तुला ते ऐकू आलं नसेल.

ताईनं कांडी स्टँडवर ठेवली.

"मी आत नव्हते," ती म्हणाली. "चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग 'मी' म्हणालास."

मला पडदा आठवत होता. पडद्याचा रंगही आठवत होता, त्यावरची निळी फुलं. ती बोलली आणि पडदा बाजूला असलेला दिसला, ती उभी असलेली दिसली, चार कपांमधून वर येणारी वाफ दिसली. इतकी वर्षं मी तो पडदा ओढून ठेवला होता.

मी म्हणालो, चुकलं माझं. खालून कुठल्याशा बांधकामाचा ठोक्यांचा आवाज येत होता.

"तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मग तिनं कांडी पुन्हा उचलली. "करडी वायर दे."

मी करडी वायर दिली.

त्याच संध्याकाळी आम्ही वीज सोडली. जोडण्या तिनं तीनदा तपासल्या. नव्या डिकोडरला कारखान्यातून तीन हा नंबर दिलेला असतो, तोच राहू दिला. तिनं विचारलं होतं की एकाच गाडीला नंबर कशाला हवा, आणि मी म्हटलं होतं की नंबर नसेल तर हुकूम कुणाला द्यायचा. पुढचा छोटा दिवा आधी लागला. गाडी उभीच, पण दिवा लागलेला. हे पूर्वी शक्य नव्हतं. पाटीच्या दिवसांत गाडी थांबली की दिवाही विझायचा. ताईनं हातातल्या यंत्रावरचं चाक फिरवलं. इंजिन गुरगुरलं, थरथरलं, निघालं. आम्ही दोघं स्टुलांवर बसून ते गोल फिरताना बघत राहिलो. ती हसली नाही. पण उठलीही नाही, पोळ्यांची वेळ होऊन गेली तरी.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन ती त्याच खोलीत पडून असायची. मी विचारायचो, रेडिओ लावू का? ती म्हणायची, गाडी लाव, हळू. मग मी तिच्या उशाशी बसून गाडी चालवायचो आणि ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. रुळांच्या एका सांध्यावर टकटक व्हायची. ती पडल्या पडल्या म्हणाली की खिडकीकडचा तिसरा जोड सैल आहे. तो सैलच होता. मी तो घट्ट केला, आणि तो आठवडा माझ्या घरात तीन आवाज होते.

जायच्या आदल्या दिवशी ती पिशव्या भरत होती. मी तिच्यासाठी आणलेली साडी तिनं घेतली, औषधं घेतली. मग फळीजवळ गेली.

"इंजिन मी नेते," ती म्हणाली.

मी 'ने' म्हणालो. रूळ देऊ का, पेटी देऊ का विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. इंजिन तिनं जुन्या सुताच्या गुंत्यात गुंडाळलं, त्याभोवती आपलं एक धुतलेलं पातळ गुंडाळलं आणि पिशवीत अगदी तळाशी, मध्यभागी ठेवलं. सकाळी परळच्या डेपोत मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. बस निघाली तेव्हा तिनं हात केला, दोन्ही डोळ्यांनी बघत.

रात्री पोचल्याचा फोन आला. प्रवास बरा झाला, डोळा बरा आहे, अंगणात पाचोळा साठलाय. इंजिनाबद्दल ती बोलली नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत गेलो आणि सवयीनं पेटीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मीटर लावून बघितलं, रुळांत पूर्ण वीज होती. मी तीन नंबर लावला आणि हातातल्या यंत्राचं चाक फिरवत गेलो. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा चढत गेला, पाच, अकरा, वीस. मी तसाच बसून राहिलो, काचेच्या इमारतीवरचं ऊन उतरेपर्यंत. मग आकडा एकेक करत शून्यावर आणला आणि बटण बंद केलं.